ताई गेल्यावर वाचून कोण दाखवणार?

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून 25 वर्षांच्या एका ताईनं लिहिलंय. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आन् तूर. धाकटा भाऊ 20 वर्षांचा. त्याला लहानपणापासून रातांधळेपणा होता, दहावी-बारावीत नजर बरीच गेली, डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलं आणि ही नजर पुढं अजून कमी होत जाणार असंही सांगितलं. अपंगाचं सर्टिफिकेट काढलेलं आहे. सध्या तो तालुक्याच्या कॉलेजात बीए दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र, 14 किलोमीटर एसटीनं जाणं-येणं. बारावीपासून ताईच त्याला रोज संध्याकाळी दोन तास पुस्तक वाचून दाखवते. आता तिला नागपूरला एका खाजगी दवाखान्यात नर्सची नोकरी लागलीय, पाच आठवड्यांनी जॉईन व्हायचंय. बाबा त्याला म्हणतात, "आता बस झालं कॉलेज, घरीच राह्यजो, एखादं किराणा टाकून देऊ." भाऊ म्हणतो, "ताई, तू गेल्यावर मले कोन वाचून दाखवीन?" मागच्या सेमिस्टरला पेपरचा रायटर, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा, उशिरा आला आणि दोन विषयांत बॅक लागला. मामेभावानं साठ हजाराचा लॅपटॉप सुचवलाय. ताई विचारते, नोकरी सोडू का, लॅपटॉपसाठी कर्ज काढू का, की बाबा म्हणतात तेच बरं?

प्रिय ताई,

तुला 'तू'च म्हणते, वयानं तू माझ्या लेकीएवढी आहेस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी दिसली, दुसऱ्यांदा थकवा दिसला, तो तू कुठंच लिहिला नाहीस पण घरचं सगळं उरकून रोज दोन तास घसा कोरडा करायचा, तेही तीन वर्षं, म्हणजे काय असतं ते मला कळतं. आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. पाच पानांचं पत्र आहे, त्यात बाबा काय म्हणतात ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, मामेभाऊ काय म्हणतो तेही आहे, पण तुझ्या भावाचं वाक्य एकच आहे. तू गेल्यावर कोण वाचून दाखवेल, एवढंच. त्याला कॉलेज हवंय का, पुढं काय करायचंय, कोणता विषय आवडतो, कशाची भीती वाटते, यातलं काहीच नाही. तू मुद्दाम गाळलं असं मी म्हणत नाही, घरातल्या माणसाची काळजी करता करता त्याला विचारायचं राहून जातं, सगळ्यांच्याच घरी होतं हे. पण खालचं सगळं करण्याआधी एका संध्याकाळी पुस्तक बंद ठेव, ओट्यावर त्याच्याजवळ बस आणि विचार, "तुले काय वाटते?" आणि तो बोलेपर्यंत गप्प राहा.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायचा नाही. नोकरी सोडू नको. नागपूरला जा.

हे मी सहज म्हणत नाही. मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, आपल्याच विदर्भात, छोट्या गावांच्या कॉलेजात. 1998 च्या आसपास माझ्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा होता, फार हुशार, एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. मी त्याच्यासाठी टेपरेकॉर्डरवर अख्खी पुस्तकं वाचून भरली, बावीस कॅसेट झाल्या, रात्री पोरं झोपल्यावर भरायची. सगळे माझं कौतुक करायचे आणि मलाही बरं वाटायचं. मग माझी बदली झाली. त्यानं बीए कसंबसं पूर्ण केलं आणि एमएला नाव घालून चार महिन्यांत सोडून दिलं कारण तिथं कॅसेट भरणारं कोणी नव्हतं. कित्येक वर्षांनी बस स्टँडवर भेटला, आवाजावरून मला ओळखलं, आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही होत्या तोवर मले दिसत होतं." हे वाक्य मला अजून टोचतं. त्याच्या जागी मीच वाचत राहिले आणि त्याला स्वतःला वाचता यावं यासाठी काय लागेल याचा विचार मी कधी केलाच नाही. त्या काळी साधनंही फार नव्हती हे खरं, पण ब्रेल होतं, आणि मी चौकशीसुद्धा केली नाही.

म्हणून तुझ्या पत्रातलं जे गृहीत आहे, की तुझं वाचणं थांबलं की त्याचं शिक्षण थांबलं, त्यावर मला शंका आहे. तूच लिहिलंयस की गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोबाईल रिचार्ज तोच करून देतो, फोन डोळ्याला चिकटवून का होईना. म्हणजे त्याच्याकडे टचवाला फोन आहे, त्याला मेनू माहीत आहेत, नेट कसं चालतं ते माहीत आहे. हे तू पत्रात असं सांगितलंस जसं काही त्याचा अभ्यासाशी संबंधच नाही. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

मग लॅपटॉप? आत्ता नको, आणि कर्ज काढून तर अजिबात नको. सोयाबीन-कापसाच्या भावाचं तुला मी काय सांगू. लॅपटॉप वाईट नाही पण मी अशी घरं पाहिली आहेत जिथं असं महागाचं यंत्र कपाटात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं, कारण आणून देणारे होते पण सोबत बसून शिकवणारं कोणी नव्हतं. त्याच्या हातात आहे त्या फोनपासून सुरू करा.

प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. त्यात टॉकबॅक आहे, फुकट, बहुतेक फोनमध्ये आधीच असतं. ते सुरू केलं की बोट जिथं लागेल तिथं काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायचं. त्याच भागात 'सिलेक्ट टू स्पीक' म्हणून आहे, त्यात आपण निवडू तेवढाच मजकूर वाचून दाखवतो. तुझ्या भावाला अजून थोडं दिसतंय तर सुरुवात मी त्या दुसऱ्यानंच करीन, सोबत अक्षर मोठं करणं, काळ्यावर पांढरं करणं, स्क्रीन झूम करणं. पण टॉकबॅकही आत्ताच शिकून ठेवायला हवं, थोडं दिसतंय तोवर शिकलेलं सोपं जातं आणि नजर पुढं कमी होणार आहे हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलंच आहे. एक सांगून ठेवते, टॉकबॅकचा पहिला आठवडा फार चिडचिडीचा असतो. नेहमीचं बोट फिरवणं चालत नाही, फोन बडबड करत राहतो, घरच्यांना वाटतं फोन बिघडला आणि कोणीतरी तो घेऊन मोबाईलच्या दुकानात बंद करून आणतं. तो आठवडा तुम्ही दोघांनी मिळून काढायचा, तू अजून घरी आहेस तोवर. आवाज मराठीत करून घ्या आणि मराठी आवाजाची फाईल डाऊनलोड करून ठेवा म्हणजे नेटवर्क नसलं तरी फोन वाचेल, आपल्याकडं पावसाळ्यात टॉवरचं काय होतं ते तुला माहीत आहे. आधी हळू आवाजात ऐकू दे. सवय झाली की तो स्वतःच वेग वाढवतो, माझ्या ओळखीची अंध मुलं इतक्या वेगानं ऐकतात की मला एक शब्द कळत नाही.

आता पुस्तकांचं. इथं खरी अडचण आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. कॉलेजातले सर व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्सची पीडीएफ टाकतात, तुझा भाऊ फोनला वाच म्हणतो आणि फोन भलतंच काहीतरी बरळतो. मग सगळे म्हणतात याला नाही जमत. त्याचा काहीच दोष नाही. आपल्याकडच्या कितीतरी नोट्स अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात. त्यात डोळ्याला मराठी दिसतं पण आत मशीनसाठी इंग्रजी अक्षरंच असतात. 'भारत' हा शब्द कृतिदेवमध्ये मशीनला 'एच, के, के, जे, आर' असा दिसतो, मग तो वाचणार काय. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनलाही मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांत, असला की फोन धडाधड वाचतो. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून सरांना एक साधी विनंती करायची, की पीडीएफसोबत मूळ टाईप केलेली फाईलही द्या, शक्यतो युनिकोडमध्ये. बहुतेक सर देतात, त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नसतं. मी स्वतः रिटायर व्हायच्या चार वर्षं आधीपर्यंत कृतिदेवमध्येच टाईप करत होते.

दुसरा प्रकार म्हणजे झेरॉक्सचा फोटो काढून केलेली पीडीएफ. ती फोनसाठी नुसतं चित्र असतं. त्यावर उपाय गूगल लेन्स. पानाचा फोटो काढायचा, उजेड चांगला, पान सपाट, आपली सावली पडू द्यायची नाही, की लेन्स त्यातलं अक्षर ओळखतं आणि वाचूनही दाखवतं. मराठी छापील अक्षर बऱ्यापैकी ओळखतं, हातानं लिहिलेल्या नोट्स मात्र नीट जमत नाहीत. अख्खा धडा असेल तर तालुक्याला कॉम्प्युटरवर गूगल ड्राईव्हमध्ये फाईल टाकून ती गूगल डॉक्समध्ये उघडायची, मजकूर सुटा होऊन येतो. फाईल जाडी असेल तर तुकडे करा. पहिल्यांदा चुका निघतील, रफार इकडचा तिकडं जाईल, जोडाक्षरं फुटतील. चालतं. कानाला सवय होते.

आणि तयार पुस्तकंही आहेत. सुगम्य पुस्तकालय म्हणून 2016 मध्ये सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठीच, मराठी पुस्तकंही आहेत त्यात, त्याचं नाव तिथं नोंदवून घे. पुस्तक स्कॅन करायला कोणी कॉपीराइटची भीती दाखवली तर सांग की 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, दिव्यांग माणसाला वाचता येईल अशी प्रत त्याच्यासाठी करायला आता मोकळीक आहे.

हे सगळं वाचून तुला वाटेल की बाई, यात माझं काम वाढलंच. पाच आठवडे वाढणारच आहे. पण त्यानंतर तुझं काम बदलणार आहे आणि या पत्रातलं मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच आहे.

परदेशात काही कॉलेजात दिव्यांग मुलांना साधनासोबत एक कोच देतात. कोच म्हटलं की आपल्याला कबड्डीचा सर नाहीतर ट्यूशन क्लास आठवतो, पण हे वेगळं आहे. हा माणूस विषय शिकवत नाही, वाचून दाखवत नाही, असाइनमेंट लिहून देत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसतो, समोर नाहीतर फोनवर, आणि विचारतो. मागच्या आठवड्यात काय करायचं ठरवलं होतंस? त्यातलं काय झालं? जे नाही झालं ते कुठं अडलं? मग आता काय करून पाहतोस? कोणत्या दिवशी, किती वाजता? उत्तरं त्या मुलानंच द्यायची आणि ठरवायचंही त्यानंच. ऐकायला फार साधं वाटतं. पण साधन हातात असूनही मुलं मागं पडतात ती बहुतेक वेळा इथंच, कारण शाळेत सगळं कोणीतरी ठरवून देतं, कॉलेजात कोणी विचारत नाही, आणि ज्याला प्रत्येक पान मिळवायला दुप्पट वेळ लागतो त्याचा महिना कधी संपतो ते कळतच नाही. एक पीडीएफ उघडली नाही म्हणून तो धडा राहतो, धडा राहिला म्हणून सरांसमोर जायची लाज वाटते, मग कॉलेजच बुडतं. अर्ध्या तासाच्या बोलण्यात हे पहिल्याच आठवड्यात सापडतं.

हे काम तू नागपूरहून करू शकतेस. नर्सच्या ड्यूट्या बदलत्या असतात तर वार पक्का नको करू, पण आठवड्यातून एक फोन पक्का ठेव. आणि त्या फोनवर तुझी परीक्षा आहे, कारण तो म्हणेल, "ताई, हे पान वाचल्याच जात नाही," आणि तुझ्या तोंडात येईल, "फोटो पाठव, मी वाचून टाकते." तिथं थांबायचं. विचारायचं, फोटो कसा काढला, उजेड कुठून होता, सरांना टाईप केलेली फाईल मागितली का, नसेल मागितली तर कधी मागशील. तुझ्या जिवाला लागेल. कधी त्याचा एखादा धडा राहील, एखादी असाइनमेंट उशिरा जाईल. जाऊ दे. दोन-तीन महिन्यांनी असं झालं की तुझ्यासोबत बोलताना तो मोकळा होत नाहीये, बहिणीला सगळं सांगता येत नाही म्हणून, तर कॉलेजातले एखादे सर, लायब्ररीवाले, नाहीतर दोन-तीन वर्षं पुढचा एखादा दिव्यांग विद्यार्थी शोधा. तो शेवटचा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच वाटेनं गेलेला माणूस अर्ध्या गोष्टी न सांगता समजतो.

कॉलेजातल्या मित्रांचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून विचारते, आहेत ना? राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं बहुतेक कॉलेजात असतात, फळ्यावरचं वाचून सांगायला, नोट्सचा नीट फोटो काढायला त्यांच्यातली दोघं तयार होतील. पण त्यात उपकाराची भावना राहू नये. तू लिहिलंयस त्याला इतिहास तोंडपाठ आहे, तर परीक्षेआधी तो त्यांना इतिहास समजावून सांगेल. मग दोन्ही बाजू ताठ मानेनं बसतील.

काही गोष्टी यंत्रानं होत नाहीत हेही सांगते. अर्थशास्त्रातल्या आकृत्या फोन वाचत नाही. मागणीचा वक्र, पुरवठ्याचा वक्र हे जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या जाड स्केच पेननं मोठे काढून द्या, आणि पुढं नजर कमी झाली की त्याच रेघेवर फेविकॉलनं दोरा चिकटवा म्हणजे बोटानं कळेल. तक्ते आले की फोन आडवं वाचत जातो आणि कोणता आकडा कोणत्या वर्षाचा ते कळत नाही, ते मित्राकडून समजून घ्यावे लागतील. आणि कविता. मी मराठीची मास्तरीण आहे म्हणून असेल, पण फोनच्या तोंडून ओवी-अभंग ऐकवत नाही, सगळं एकाच सुरात, श्वास कुठं घ्यायचा तेच त्याला कळत नाही. कविता तूच वाचून दाखव.

आता रायटरचं, कारण दोन विषयांचा बॅक तिथंच लागलाय आणि तो त्याच्या अभ्यासाचा बॅक नाही, व्यवस्थेचा आहे, हे बाबांना सांगणं गरजेचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि 40 टक्के किंवा जास्त असेल तर बरेचसे हक्क लागू होतात. परीक्षेबद्दल केंद्र सरकारनं 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. रायटर घेतला नाही तरी जादा वेळ मिळतो. रायटरला दोन दिवस आधी भेटू द्यावं असंही त्यात आहे, आणि कॉम्प्युटरवर पेपर देणं, मोठ्या अक्षरातला पेपर मागणं हेही आहे. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, सर्टिफिकेटवर पूर्ण अंध न लिहिता अल्पदृष्टी लिहिलेलं असेल तर रायटरसाठी लिहिण्यात अडचण असल्याचं सिव्हिल सर्जनचं वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं, ते ऐनवेळी मिळत नाही, त्यामुळे आत्ताच यवतमाळला जाऊन काढा. स्वतःचा रायटर नेणार असाल तर तो शिक्षणानं तुझ्या भावापेक्षा खालचा लागतो, नेमका किती खालचा ते आधी विचारून घ्या. अर्ज महिनाभर आधी लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि विद्यापीठाचं चालू परिपत्रक परीक्षा विभागातून मागून घ्यायचं. रायटर उशिरा आला तर तिथल्या तिथं केंद्रप्रमुखांना लेखी द्यायचं आणि गेलेला वेळ मागायचा. आणि रायटरसोबत सराव करायचा, हे कोणीच करत नाही. उत्तर डोक्यात असणं वेगळं आणि दुसऱ्याला लिहून घेता येईल असं सांगणं वेगळं. परिच्छेद कुठं संपला, कोणता शब्द अधोरेखित करायचा, अवघड शब्द कसा लिहायचा हे बोलायला शिकावं लागतं. त्यासाठी फोनवर मराठीत व्हॉइस टायपिंगचा सराव चांगला, गूगलच्या कीबोर्डवर 2017 पासून आहे ते. आपण वऱ्हाडीत बोललो की ते भलतंच लिहितं पण पेपर ज्या भाषेत लिहायचा तीत बोलून उत्तर तयार करायचं वळण त्यातूनच लागतं.

बाबांबद्दल. त्यांना शिक्षणाचा शत्रू समजू नको. पोरगा अंधारात 14 किलोमीटरवरून येतो, हिवाळ्यात सहा वाजताच अंधार होतो, आणि त्याला तर अंधारात काहीच दिसत नाही. बाप भितो तो याला भितो. म्हणून बाबांशी डिग्रीवर वाद घालण्यापेक्षा शेवटच्या एसटीवर बोला. स्टँडपासून घरापर्यंत कोण सोबत असेल, उशीर झाला तर फोन कोणाला. आणि पांढरी काठी. तू लिहिलंयस की लोक काय म्हणतील म्हणून तो घेत नाही. त्याच्यावर जबरदस्ती नको, पण नागपूरला गेलीस की दी ब्लाइंड रिलीफ असोसिएशनमध्ये चौकशी कर, वरोऱ्याला आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे तिथंही फोन करून विचार, की काठी घेऊन चालायचं शिकायला कुठं मिळेल. काठीवाल्या चार पोरांसोबत तो एक दिवस राहिला तर तुझ्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा जास्त फरक पडेल. एवढं मात्र आजपासून, रस्त्यानं चालताना दोन्ही कानांत इयरफोन नाही घालायचे.

किराण्याचं म्हणशील तर दुकान काही वाईट नाही. तो स्वतः म्हणाला की मला दुकान टाकायचंय तर ते ऐका, आणि बीए करत करतही दुकान होतं. पण दिसत नाही म्हणून दुकान, हे कारण मला पटत नाही. अचलपूर तालुक्यात वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी सांभाळलेल्या एका अंध लेकीनं त्याच वर्षी एमपीएससीची लिपिकाची परीक्षा पास केली. असं काही आलं की पेपरात 'अंधत्वावर मात' असं छापतात. मला ते शब्द आवडत नाहीत. मला तर वाचायचं असतं की तिची पुस्तकं तिच्यापर्यंत पोचली कशी आणि तिच्यासोबत रोज कोण बसलं. कारण तेवढं कळलं तर ते आपल्याही घरी करता येतं.

पैशाचं पटकन सांगते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, ग्रामसभेत लेखी मागा, त्यातून चांगला फोन होऊ शकतो. एसटीत 75 टक्के सवलत आहे, ती तो घेतोय ना ते बघ. महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरची स्कॉलरशिप आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते, पुढं सगळीकडं तेच मागतात. आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटर लागलाच तर जुना चालेल, त्यावर एनव्हीडीए टाकायचं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून सांगणारा प्रोग्राम, फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं 2006 मध्ये सुरू केला, मराठी वाचतो. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका मशीनवर टाकून द्या असा अर्ज प्रिन्सिपल साहेबांना त्यानं स्वतःच्या सहीनं द्यावा. अर्ज तू लिहू नको.

हे पत्र वाचणारे अजून काही घरचे असतील ज्यांचं दुखणं वेगळं आहे. ऐकायला कमी येणाऱ्या मुलामुलींसाठी गूगलचं लाईव्ह ट्रान्स्क्राईब बोललेलं लगेच अक्षरात दाखवतं, फोन सरांच्या टेबलावर ठेवायचा, मागच्या बाकावरून चालत नाही. पायानं अधू असेल तर वर्ग वरच्या मजल्यावर कशाला, तो खाली घ्या असं लेखी मागता येतं. आणि ज्यांचं अपंगत्व दिसतच नाही, वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, लिहिताना हात अडतो, लक्ष टिकत नाही, त्यांना तर आयुष्यभर 'आळशी' हेच ऐकावं लागलंय. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता 2016 च्या कायद्यात आहे. आणि सर्टिफिकेट 40 टक्क्यांच्या खाली असलं तरी लिहायला खरोखर अडचण असेल तर रायटर नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या केसमध्ये सांगितलंय. या मुलांना तर आठवड्याचा तो अर्धा तास यंत्रापेक्षाही जास्त लागतो. फोनमध्ये धडा ऐकता येतो त्यांनाही, वाचण्यापेक्षा ऐकून पटकन समजतं असं कितीतरी जणांचं असतं.

तर ताई, तुझ्याकडं पाच आठवडे आहेत. पहिला आठवडा फोन बोलका करण्यात जाईल आणि त्यात भांडणं होतील. पुढचे दोन, रोजच्या त्याच दोन तासांत एक तास तू वाच आणि एक तास तो फोनवर ऐकेल, तू बाजूला बसून फक्त बघ. हात पुढं करू नको. चौथ्या आठवड्यात चार दिवस मामाकडं जाऊन ये. खरंच जा, कारण तू घरात असलीस की तो तुलाच हाक मारणार. परत आल्यावर काय वाचलं हे विचारण्याआधी काय अडलं ते विचार आणि ते कागदावर लिहून घे, पाचव्या आठवड्याचं काम त्यातूनच निघेल. पहिल्या खेपेला तो सगळं सोडून देऊन चार दिवस नुसता कॉमेंट्री ऐकत बसला तरी घाबरू नको, रागावू पण नको. का नाही झालं, एवढं विचार.

तू स्वार्थी आहेस का असं तू शेवटच्या पानावर खोडून परत लिहिलंयस. नाहीस. तुझ्या पगारातून घर चालेल हे बाजूला ठेव, तुला दवाखान्यात काम करायचंय म्हणून तू शिकलीस, ते तुझं स्वतःचं आहे.

नागपूरला जाताना त्याच्या मराठीच्या कवितेच्या पुस्तकाची एक झेरॉक्स तुझ्या बॅगेत टाक. आठवड्याच्या फोनवर कामाचं बोलून झालं की शेवटी एक कविता वाचून दाखव. मग त्याला म्हणायला लाव.